वधूच्या मामांवर केलेली कारवाई

आमच्या भागात निवडुंग शेताच्या बांधाला लावतात, आणि तोही शेळ्या आत शिरू नयेत म्हणून. तोच निवडुंग कुंडीत लावून, त्याच्यासाठी वाळू विकत आणून, त्याची उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात ने-आण करणारी आम्ही काही माणसं कराड-सांगली पट्ट्यात आहोत. या विषयावर घरात कुणी आमच्याशी बोलत नाही, म्हणून आम्ही इंटरनेटवर एक फोरम काढला. मी त्याचा अ‍ॅडमिन. निवडणूक वगैरे झाली नव्हती. बाकीच्यांना पासवर्ड लक्षात राहत नव्हता.

हे काम बागकामासारखं असेल असं मला वाटलं होतं. ते ग्रामसभेसारखं निघालं. कुणी कुजलेल्या मुळांचा फोटो टाकून मदत मागावी, तर खाली लगेच उसाचा दर, त्याखाली कुणाच्या तरी चिरंजीवांचा वाढदिवस, आणि त्याखाली फेटा बांधलेले खुद्द चिरंजीव. मी हे सगळं उचलून बाहेर टाकत असे. घरात माझ्या सांगण्यावरून कुणी पंखासुद्धा बंद करत नाही. फोरमवर मी एका बोटानं भल्याभल्यांना गप्प करत होतो. मला त्यात परमानंद होत असे.

मग इस्लामपूरच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाई फोरमवर आल्या आणि आपला सातवीचा वर्गही घेऊन आल्या. मुलं विचारू लागली, निवडुंगाला तहान लागल्याचं कळतं कसं, त्याला काटे आतून टोचत नाहीत का. आम्ही प्रौढ माणसं घाईघाईनं पुस्तकं उघडू लागलो. बाईंनी मला फोनवर एवढंच विचारलं, "मुलांसमोर चालेल असंच सगळं राहील ना? नाहीतर मला त्यांना काढून घ्यावं लागेल." मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. फोनवर छाती दिसत नाही, तरी ठेवला.

अशा सुरळीत काळात आमचे मेव्हणे सदस्य झाले. हे माझ्या पत्नीचे थोरले बंधू, मुक्काम उंब्रज, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. नोकरीतली काही वर्षं राजस्थानात गेल्यामुळे जगातल्या प्रत्येक काटेरी वनस्पतीवर आपला अधिकार आहे असं ते मानतात. सांगलीच्या एका व्यापारी सदस्यानं आपल्या अंगणातल्या उंच, खांबासारख्या निवडुंगाचा फोटो टाकला. त्याखाली मेव्हण्यांनी बराकीतला एक विनोद लिहिला. तो मी इथं देत नाही. त्याखाली सातवीतल्या एकानं विचारलं, "म्हणजे काय, काका?"

काकांनी खुलासा करण्याआधी मी पोस्ट उडवली आणि नियमाप्रमाणे बटण दाबलं. मेव्हण्यांच्या मोबाइलवर आपोआप संदेश गेला: 'आपला मजकूर सर्व वयोगटांसाठी योग्य नसल्यानं आपल्याला पंधरा दिवस बंद करण्यात येत आहे.' त्या वेळी ते पारावर बसले होते आणि चष्मा घरी राहिल्यामुळे त्यांनी तो संदेश शेजाऱ्याला मोठ्यानं वाचायला दिला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्याच पंधरवड्यात माझ्या मुलीचं लग्न होतं. आणि आमच्याकडे वधूला मांडवात तिचा मामा आणतो, मंगलाष्टकं संपेपर्यंत तोच तिच्यामागं उभा राहतो. माझ्या मुलीला मामा एकच.

संध्याकाळी पत्नीला फोन आला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"दाजींनी मला पंधरा दिस बंद केलंय. लग्न त्यातच येतंय. तवा मी काय येत न्हाई."

"दादा, अरे ते मोबाइलपुरतं असतंय."

"तसं लिवलेलं न्हाई. फौजेत ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

पत्नीनं फोन ठेवला आणि माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "गुरुजी मामांना बोलवतील तेव्हा पोरीच्या मागं एखादी कुंडी उभी करा," ती म्हणाली. मुलीला हे कळलं. मामाला दाखवायला काढून ठेवलेला शालू तिनं घडी घालून कपाटात ठेवला. ते बघून मात्र माझा अ‍ॅडमिनपणा उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं टॉवेल-टोपी घेऊन उंब्रजला गेलो. मी त्या घरचा जावई. जावयाशी भांडायचं तरी आधी त्याला पाट द्यावा लागतो, पोहे द्यावे लागतात, आणखी घ्या म्हणावं लागतं. मेव्हण्यांनी हे सगळं तोंड फिरवून केलं.

पोहे संपल्यावर म्हणाले, "पोस्ट परत लावा. मग येतो."

"पोरं वाचतात, दादा."

"काय वाईट हाय त्यात? सगळी पलटण हसायची. आवं, साहेबलोक हसायचे. वाचा की मोठ्यानं. काय खटकतंय ते दाखवा."

उडवलेल्या पोस्टी अ‍ॅडमिनला दिसतात. मी मोबाइल काढला, घसा साफ केला आणि पहिली ओळ वाचली. पहिली ओळ निरुपद्रवी होती. दुसरी सुरू करणार तोच त्यांची नात, इयत्ता चौथी, येऊन आजोबांच्या मांडीला टेकून बसली.

"थांबा," मेव्हणे म्हणाले. "जा गं, दाजींना पाणी आण."

नात गेली. मी तोंड उघडलं. नात पाणी घेऊन आली. आजोबांनी तिला बडीशेपेला पाठवलं, मग अडकित्त्याला, मग अंगणात गाडी नीट लागलीय का ते बघायला. दर वेळी ती आधीपेक्षा लवकर परत आली, कारण आत्याआजीचे यजमान काहीतरी वाचून दाखवणार आहेत हे तिला कळलं होतं. शेवटी ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "वाचा की आता."

मी मेव्हण्यांकडे पाहिलं. पत्नी छताकडे बघत होती.

"मोबाइल ठेवा खिशात," मेव्हणे म्हणाले.

मग त्यांनी आम्ही आणलेली टोपी हातात घेतली आणि आतून-बाहेरून नीट पाहिली. "पोस्ट ऱ्हाऊ द्या तशीच. बंदीबी उठवू नका. उद्या तुमी म्हणशीला पाव्हण्यासाठी नियम मोडला."

"आणि लग्न?" पत्नीनं विचारलं.

"फौजेत भाचीच्या लग्नाला रजा मिळती. दाजींनी रजा मंजूर करावी."

"किती दिवसांची?" मी विचारलं.

"हळदीपास्नं पाठवणीपातुर."

मी थोडा विचार करून रजा मंजूर केली. विचार करायचं कारण नव्हतं, पण संधी होती.

हळदीच्या सकाळी ते उंब्रजहून फेटा बांधूनच आले. लग्नात गुरुजींनी मामांना हाक मारली तेव्हा ते मुलीला घेऊन असे चालत आले की वाजंत्रीवाल्यांनी आपोआप ताल बदलला. पाठवणीला ते माझ्यापेक्षा जास्त रडले. गाडी गेल्यावर त्यांनी डोळे पुसले, फेटा काढून काखेत धरला आणि माझ्यासमोर ताठ उभे राहिले.

"रजा संपली, दाजी. उरलेली बंदी आजपास्नं मोजा."