फेरेनबाखसाहेबांची थट्टा

ऑयगेन फेरेनबाख गाडी शिकवत. हिर्शबाखातल्या निम्म्या गावाला स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं, आणि उरलेल्या निम्म्याला चालावं कसं हेही ते फुकटात सांगत. पाद्रीबाबांचं लॅटिन, बेकरीवाल्याचा हिशेब, शेजारणीची ट्यूलिपची वाकडी रांग, साहेबांच्या तावडीतून काही सुटत नसे. त्यांची स्वतःची चूक मात्र कोणी कधी पाहिली नव्हती, आणि हेच त्यांच्या जिवाला लागलं होतं.

कारण आमच्याकडे माणसाची खरी पारख होते ती तुपट गुरुवारी, म्हणजे चाळीस दिवसांचे उपास लागण्याआधीच्या कार्निव्हलात. त्या संध्याकाळी लाकडी मुखवटे चढवलेली सोंगं 'सोनेरी अस्वल' खानावळीत शिरतात, आवाज चिरका करून एकेकाच्या टेबलाशी बसतात आणि वर्षभरातली त्याची फजिती त्यालाच ऐकवतात. त्या दिवसांत सगळ्यांना अरे-तुरे. रागवायचं नाही, सोंगाला नावानं ओळखायचं नाही, वर त्याला वाइन पाजायची. ज्याची थट्टा झाली तो गावचा. ज्याची झाली नाही तो नुसताच राहणारा. पाद्रीबाबासुद्धा आपल्या फजित्या पदकांसारख्या मिरवत. फेरेनबाखसाहेब मात्र दरवर्षी पहिल्या टेबलाशी कोरे करकरीत बसत, आणि देवळातल्या खांबाला घालावा तसा वळसा त्यांना घालून सोंगं पुढे जात.

म्हणून यंदा जानेवारीत, भर बाजाराच्या दिवशी, साहेबांनी शिकवणीची गाडी मागे घेत घेत थेट चौकातल्या कारंज्यात घातली. पाणी उसळलं, कोबीचे गड्डे घरंगळले. साहेब निथळत बाहेर आले आणि टाळीसाठी थांबलेल्या नटासारखे उभे राहिले.

टाळी आली नाही. कसायाची बायको म्हणाली, मांजर आडवं आलं असणार, जीव वाचवला बिचाऱ्याचा. बेकरीवाल्यानं ब्रेकला शिव्या घातल्या. कोणीतरी कोरडा कोट आणून दिला. दिवस मावळेपर्यंत गावानं त्यांना मांजरांचा तारणहार करून टाकलं होतं. आपण केलेल्या मूर्खपणावरही माणसाचा हक्क राहू नये, म्हणजे हद्द झाली.

तुपट गुरुवार आला. साहेबांची बायको वाल्बुर्गा सर्दीचं निमित्त सांगून घरी राहिली. साहेब एकटेच पहिल्या टेबलाशी. सोंगं आली, हसली, प्यायली. कारंज्याचं कोणी नावही काढेना. साहेब उठणार, तोच एक चेटकीण धपकन समोर बसली.

"काय रे ऑयगेन, मांजर कसं आहे?"

खानावळ हसली. साहेबांचा चेहरा उजळला.

"मांजर नव्हतंच मुळी," चेटकीण चिरकली. "आदल्या रविवारी पहाटे यानं टेप लावून कारंजं मोजलं. गाडीला ओरखडा नको ना! वेडेपणासुद्धा मापात करतो हा."

हास्याचा असा लोट आला की फळीवरचे पेले किणकिणले. साहेबांचं हसू मात्र मध्येच अडकलं. त्या पहाटे टेपचं दुसरं टोक धरायला एकच माणूस होतं.

चेटकिणीचा आवाज उतरला. "तीस वर्षं ती बाई तुझ्याशी संसार करतेय. तिचं एक वाक्य तू दुरुस्त केल्याशिवाय सोडलं नाहीस. कधी 'छान' म्हणालास तिला? का त्यालाही परवाना लागतो?"

मग कसाई हसला, आणि त्याच्यामागे सारं गाव. साहेबांनी तोंड उघडलं, नियम आठवला, तोंड मिटलं आणि वाइन मागवली. लाकडी जबड्यात नळी घालून चेटकिणीनं ती सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत ओढली. निघताना लोक साहेबांच्या पाठीवर थापा मारत होते. अरे ऑयगेन, टेप घेतलीस ना, दार पुरेल का बघ, असं कोणी कोणी म्हणत होतं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला वाल्बुर्गा पावाला लोणी लावत होती. सर्दी पार पळाली होती.

"काल तुझी थट्टा झाली म्हणे. कोणी केली?"

"सोंगानं."

"बरोबर बोललं का?"

साहेबांनी हातातला पाव खाली ठेवला. "एक चूक होती."

"असणारच."

"तीस नाही," साहेब म्हणाले. "मागच्या मे महिन्यात एकतीस झाली."