तीन तासांचं टेस्टिंग

आमच्या दुकानात जुन्या रिमोटचा एक खोका आहे. कुणाचं झाकण गेलंय, कुणाचं बटण. कामाचा एकही नाही, पण फेकवत नाही. दुकानातल्या किश्शांचंही तसंच झालंय. एक आठवायला जावं तर खालून दुसरे चार वर येतात.

दुकान म्हणजे मिरजगावात एसटी स्टँडच्या मागचा एक गाळा. टीव्ही रिपेरिंग आणि डिश. टीव्ही उघडायचा माझा थोरला भाऊ, सुनीलदादा. मी आठवीत शाळा सोडली आणि त्याच्यासाठी पत्र्यांवर चढून डिशच्या छत्र्या बसवायला लागलो. दादाचा एक नियम होता. ‘होता’ लिहायची मला अजून सवय झालेली नाही. नियम असा, की दुरुस्त केलेला टीव्ही तीन तास चालवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. दादा त्याला टेस्टिंग म्हणायचा. आळीतली पोरं शाळा सुटली की टेस्टिंगला येऊन बाकड्यावर बसायची.

त्यातली तीन कायमची. टेलरचा रेहान, सोन्या आणि पूजा. तिघंही नववीत.

टीव्हीनं पोरं बिघडतात का, हे लोक मास्तरांना विचारतात. मला विचारा. मी पाच वर्षं या तिघांच्या मागं स्टुलावर बसलोय.

*

शाळेत निबंध स्पर्धा लागली. विषय, ‘टीव्हीचे दुष्परिणाम’. रेहान वही घेऊन दुकानात आला आणि बाकड्यावर बसला. समोर क्रिकेटची मॅच चालू.

मॅच चालू असली की रेहान वर बघायचा. जाहिरात लागली की खाली मान घालून लिहायचा. ‘टीव्हीमुळे विद्यार्थ्यांचा अमूल्य वेळ वाया जातो’ हे वाक्य त्यानं दोन ओव्हरच्या मध्ये लिहिलं.

दादा म्हणाला, “अरे, मॅच संपल्यावर लिही की निवांत.”

“मॅच संपल्यावर जाहिराती कुठं असत्यात सुनीलदादा?”

पहिलं बक्षीस मिळालं त्याला.

*

सोन्याला क्रिकेटचा वेगळा रोग लागला होता. घरात कुणी ओरडलं की तो दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढायचा. म्हणजे निर्णय मान्य नाही, थर्ड अंपायरकडं द्या.

एकदा शेळी सोडून ठेवली म्हणून त्याच्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. सोन्यानं चौकोन काढला.

“ह्ये काय?” आईनं विचारलं.

“रिप्ले मागितला. मी सोडली न्हाई शेळी.”

आईनं लगेच रिप्ले दाखवला. त्याच जागी.

*

पूजाच्या मोठ्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा बारा एकर बागायतीचा. मोठी माणसं बोलून दमली तेव्हा पूजा मधे येऊन बसली. तेव्हा तिला प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमाचं वेड होतं.

“पहिला प्रश्न,” ती मुलाला म्हणाली. “लग्नानंतर ताईनं पोलीस भरती द्यायची म्हटलं तर तुमी काय करणार? ए, सोबत ग्राउंडवर जाणार. बी, फॉर्म भरून देणार. सी, नको म्हणणार. डी, बघू म्हणणार.”

मुलाला घाम फुटला. इकडं तिकडं बघत तो म्हणाला, “मी आईला विचारून सांगतो.”

“लाइफलाइन गेली,” पूजा म्हणाली. “ताई, ह्याला न्हाई म्हण.”

ताईनं खरंच नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी पूजाचे मामा दुकानात आले आणि दादावर तापले. “तुमच्या टीव्हीनं सोयरीक मोडली आमची.”

दादानं त्यांना चहा पाजला. म्हणाला, “मामा, टीव्हीत बिघाड असंल तर मी काढतो. पण प्रश्न बरोबरच हुता की ओ.”

ताई सध्या पहाटे ग्राउंडवर पळते.

*

सोन्याचा दुसरा किस्सा नीट लक्षात ठेवा.

त्याचे वडील, तात्या, संध्याकाळी घरी आले की झोपेपर्यंत बातम्या लावायचे. तेव्हा कबड्डीचे सामने चालू होते. एका संध्याकाळी तात्या टीव्ही गोधडीत गुंडाळून गाडीवर घेऊन आले. आवाज येत होता, चित्र गायब.

दादानं मागचे स्क्रू काढले. आत पडद्याला चित्र पोचवणारी एक चपटी पट्टी असते. ती खाचेतून अलगद बाहेर काढून ठेवली होती. पट्टी अशी आपोआप निघत नाही. आणि मागं सात स्क्रू असतात, इथं सहाच होते.

दादानं माझ्याकडं बघितलं. मी बाकड्याकडं बघितलं. सोन्या छताकडं बघत होता.

मी उठलोच होतो कान धरायला. दादानं मला डोळ्यानंच बसवलं आणि तात्यांना म्हणाला, “पट्टी सैल झाली हुती. तीन तास टेस्टिंग लागंल.”

तात्या गेल्यावर टेस्टिंगला कबड्डी लागली. मध्यंतरात दादा सोन्याच्या कानाजवळ जाऊन म्हणाला, “पट्टी चांगली काढलीस. पुढच्या टायमाला सातवा स्क्रू बी लाव.”

*

एका मालिकेतला नवरा अपघातात मेला. पूजा बाकड्यावर हुंदके देऊन रडायला लागली.

“रडू नको गं,” दादा म्हणाला. “तीन महिन्यांत येतोय परत. नवीन तोंड लावून.”

तो खरंच आला. बरोबर तीन महिन्यांनी, दार वाजवून. त्या दिवशी दादानं पूजाकडून भेळ वसूल केली.

दादा गेला तो रस्त्यावर. चापडगावला छत्री बसवून येत होता, मागून ट्रकनं उडवलं. त्या कामाला मी जायचं होतं. मला सकाळी कंटाळा आला होता.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी पूजा आमच्या ओट्यावर आली. बसली. मग म्हणाली, “गणेशदादा, मला म्हाईत हाय तसलं खरं नसतं. तरी माझं ध्यान तुमच्या दाराकडंच जातंय.”

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. पोरगी रडत घरी गेली.

तेव्हापासून मी दुकानाचं शटर पूर्ण खाली ओढत नाही. हातभर उघडं ठेवतो.

*

मी दुकानात जाऊन नुसता बसायचो. टीव्ही आले तर परत पाठवायचो. पोरंही यायची बंद झाली.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, तीन महिने थांबले. मग एका रविवारी जेवताना म्हणाले, “गाळा देऊन टाकू. मोबाईलची कव्हरं इकणारा एक जण हाय. उद्या बघायला येतोय.”

“मी चालवतो दुकान.”

“तू छत्री लावतूस. टीव्ही कधी उघडलायस का एकट्यानं?”

उघडला नव्हता. मी ताट सरकवलं आणि उठून गेलो. वाटेत पूजाचं घर लागतं. ती, रेहान आणि सोन्या ओट्यावर बसले होते. पूजानं विचारलं म्हणून सगळं सांगून टाकलं. कुणालाच सांगायचं नव्हतं, पण माझं तोंड असंच आहे.

सोमवारी सकाळी अण्णा त्या माणसाला घेऊन आले. तो टेप लावून भिंत मोजत होता, तेवढ्यात तात्यांची गाडी थांबली. मागं गोधडीत टीव्ही.

“आवाज येतोय, चित्र न्हाई,” तात्या म्हणाले.

मी काही बोलायच्या आत रेहानचे अब्बा टीव्ही उचलून आत आले. “गणेश, बेटा, बघ जरा. आवाज हाय, चित्र न्हाई.”

त्यांच्या मागं पूजाची आई. तिचाही टीव्ही तसाच.

टेपवाला माणूस अण्णांना म्हणाला, “दुकान तर चालतंय की तुमचं.”

अण्णा माझ्याकडं बघत म्हणाले, “जमंल का तुला?”

मी दादाचा स्क्रू ड्रायव्हर घेतला. तात्यांचा टीव्ही उघडला. पट्टी निघालेली. ती खाचेत बसवली, चित्र आलं. रेहानचा उघडला. पट्टी. पूजाचा उघडला. पट्टी.

मान वर केली तर बाकड्यावर तिघं बसलेली. शाळेच्या ड्रेसात, दप्तरं मांडीवर, नजर सरळ टीव्हीवर.

“शाळा न्हाई का रे?” अण्णांनी विचारलं.

“टेस्टिंग हाय,” सोन्या म्हणाला.

अण्णांनी त्या माणसाला चहाला नेलं. एकटेच परत आले आणि पोरांच्या शेजारी बाकड्यावर टेकले.

तात्या म्हणाले, “काय झालं हुतं रे?”

“पट्टी सैल झाली हुती,” मी म्हणालो. “तीन तास टेस्टिंग लागंल.”

मी झाकणं परत बसवायला घेतली. उघडताना काढून ठेवलेले स्क्रू मोजले. तिन्ही टीव्हींचे सातच्या सात होते.