विलायती रुई

मागच्या वीतभर गार्डनमध्ये मिल्कवीड लावलं ते माझ्या हौसेपायी. अमेरिकेतल्या माळरानावरचं रानफूल. गार्डन सेंटरमधली बाई म्हणाली होती, फुलपाखरं तुटून पडतील. ऑगस्टात इथं इंग्लंडात, लेस्टरला ऊन पडलं आणि खरंच पडली.

त्याच सुमाराला नागपूरहून आई आली. तिचा डावा डोळा काचबिंदूनं कधीच नेलाय. सगळी भिस्त उजव्यावर. आल्या आल्या तिनं मिल्कवीडचं पान खुडलं. देठातून पांढरा चीक टपकला आणि बाईसाहेब खूश. "अगं, ही तर आपली रुईच! इकडे येऊन जरा बारीक झालीय एवढंच." दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायचा तिचा नेम, आणि तो इथं मोडणार म्हणून ती निघायच्या आधीपासून धुसफुसत होती.

"आई, चीक आहे. हात नको लावूस."

"दुकानात विकतात ना? इथले लोक शेंगदाण्याच्या पाकिटावरसुद्धा धोका लिहितात. विषारी असतं तर विकलं असतं होय?"

लहानपणी रुईच्या जवळ फिरकलं तरी हीच बाई धपाटा घालायची, 'डोळा जाईल मेले!' पण गोऱ्यांच्या दुकानावर तिचा मारुतीइतकाच विश्वास. कप्पाळ माझं!

शनिवारी तिनं माळ ओवली, तसबिरीला घातली, नमस्कार केला आणि त्याच बोटांनी उजवा डोळा चोळला. मी तिला ओढतच सिंकपाशी नेलं, डोळ्यावर पाणी मारत राहिले. "दुखत नाहीये गं, कशाला आकांत करतेस?" खरंच दुखत नव्हतं. रुईचा चीक डोळा बधिर करतो म्हणतात, म्हणून मला त्याचीच जास्त भीती वाटली.

जेवताना तिनं खिडकीकडे बघितलं. "तुमच्याकडे भरदुपारी धुकं पडतं का गं?"

बाहेर लख्ख ऊन होतं.

हॉस्पिटलात डोळा पुन्हा धुतला, ड्रॉप्स दिले. बुबुळाला सूज आहे, बहुतेक उतरेल, असं डॉक्टरीण म्हणाली. 'बहुतेक' म्हणजे किती, ते मी तिला दोनदा विचारलं. घरी येऊन मी झाड उपटायला निघाले तर आईनं हात धरला. देवाला वाहिलेलं झाड उपटू नये म्हणे.

पुढच्या शनिवारी ती खिडकीशी बसली होती. "निवळलं गं धुकं बरंचसं. उगीच घाबरलीस." मिल्कवीडवर फुलपाखरांची झुंबड होती. एक तर अगदी तिच्या नाकासमोर काचेवर येऊन बसलं.

"काय गं," आई म्हणाली, "ती फुलपाखरं आता येत नाहीत का?"