शिवलेल्या डोळ्यांचा ससाणा

गरुडदर्शनाने सात पिढ्यांचे पाप जळते, असे आमच्या सोलापुरातले एक रावसाहेब सांगत. माझा पाप जळण्यावर विश्वास नाही, भुताखेतांवर तर कधीच नव्हता. शिवाय त्यांचा गरुड हा बहिरी ससाणा होता.

पौषातली थंडी होती. रेल्वे लाइन्समधल्या त्यांच्या बंगल्यावर कलेक्टरसाहेब चहाला येणार होते. नव्या किताबाला शोभेल असे घराण्याचे चिन्ह हवे होते — गरुडाचे. मी हायस्कुलात ड्रॉइंग शिकवतो, म्हणून मला बोलावले. दिवाणखान्यात, माझ्यापासून हातभर अंतरावर, पक्षी दांडीला बांधलेला. छातीवर बारीक आडव्या रेघा, पिवळे पाय... आणि दोन्ही पापण्या पांढऱ्या दोऱ्याने शिवलेल्या. नवा धरलेला ससाणा माणसाळावा म्हणून तो पाळणारे बाजदार असे करतात, हे मी वाचले होते. वाचणे सोपे असते. समोर पाहून माझे डोके भणाणले.

"लई तरास हाय त्येला, मास्तर," झाडलोट करणारा मारुती म्हणाला. "मटनाला तोंड लावंना. आज-उद्या मरतंय की."

मी रावसाहेबांना म्हणालो, टाके काढा, सोडा त्याला. ते म्हणाले, साहेब येऊन जाऊ देत. आणि चित्रात डोळे उघडे हवेत... साहेबांकडे आदराने बघणारे.

"डोळे शिवलेत, रावसाहेब."

"तुम्ही कलावंत ना? कल्पना करा."

"ती तुमच्या पोर्ट्रेटसाठी राखून ठेवलीय."

ते तणतणत पगडी बांधायला आत गेले. मी पेन्सिलीच्या चाकूने पक्ष्याच्या पायाची वादी कापली. बाहेर उजेडात नेऊन, मारुतीने धरल्यावर टाके कापायचे, असा बेत होता. पक्षी थांबलाच नाही. टांगलेल्या हंड्याझुंबरांमधून, एकालाही पंख न लागता, दारावरच्या गोल झरोक्यातून थेट बाहेर — आम्ही धावलो. तो कडुलिंबाच्या खालच्याच फांदीवर बसला होता, आमच्याकडे तोंड करून. पांढरे टाके जागच्या जागी. इतक्यात छपरावरची कबुतरे उडाली. त्याने त्यातले एक हवेतच उचलले आणि गेला.

टाके सैल असतील, असे मी नंतर तो पक्षी धरून आणणाऱ्या बाजदाराला म्हणालो. तो दुखावला. "मेरे हात का टाका है, मास्टर. उजाला बी नै जाता."

मला अजून उलगडा झालेला नाही. राग मात्र तसाच आहे. चिन्ह रावसाहेबांनी दुसऱ्याकडून काढून घेतले. डोळे उघडे आहेत, नजर आदबशीर आहे, येणारेजाणारे हात जोडतात. चोच पोपटाची आहे.