दुप्पट वेगाने ऐकणारी मुलगी

तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. रांगायच्या वयात ती एका जागी ठरायची नाही म्हणून आईने पाडलेलं नाव, पण ते खरं लागू पडलं ती कॉलेजात गेल्यावर. आई स्वयंपाकघरातून "अगं, जरा ते..." एवढंच म्हणायची, की ही मिठाचा डबा पुढे करून मोकळी.

"मी मीठ मागितलं का?"

"मग काय हवं होतं?"

"खिडकी लाव म्हणत होते. वाऱ्याने गॅस विझतोय. माझ्या तोंडातला शब्द बाहेर यायच्या आत पळवतेस बाई तू!"

"तू फार लांबण लावतेस, आई."

आई हसायची आणि स्वतःच खिडकी लावायची, कारण तोवर भिंगरी खोलीत पोचलेली असायची.

तिचं कॉलेज वाचा-उपचारांचं. अडखळत बोलणारी मुलं, आजारपणात वाचा गेलेली माणसं, यांना पुन्हा बोलतं कसं करायचं ते तिथे शिकवत. पहिल्या वर्षी सगळे वर्ग पडद्यावरच झाले. सरांची व्याख्यानं कॉलेजच्या साइटवर यायची आणि खाली कोपऱ्यात वेग वाढवायची सोय असायची. कुणीतरी ती शोधली आणि वर्गभर पसरली. आधी सव्वापट, मग दीडपट, मग सगळे दुप्पटीवर स्थिरावले. तासाभराचं व्याख्यान अर्ध्या तासात उरकायचं आणि उरलेल्या वेळात दुसरं उरकायचं. शरीररचना शिकवणारे सर प्रत्यक्ष भेटले तेव्हा भिंगरीला वाटलं, यांना बरं नाही की काय. इतकं हळू का बोलताहेत?

वर्ग पुन्हा भरू लागले तरी व्याख्यानं साइटवर येतच राहिली. मग समोर बसून ऐकायची गरज कुणाला? एकदा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, तुमचा स्पीड वाढवायचं बटण कुठंय?" सगळा वर्ग खिदळला. सरही हसले. पण त्या दिवसापासून ते मुलांकडे बघायचे बंद झाले आणि थेट कॅमेऱ्याकडे बघून शिकवू लागले.

भिंगरीचे मार्क मात्र उत्तम. दोन्ही वर्षं पहिली आली. त्यामुळे काही बिघडलंय असं ना तिला वाटलं, ना आईला. गाणं ती अर्ध्यातच पुढे ढकलायची. मैत्रिणीचा फोन आला तर "मेसेज टाक ना" म्हणायची. कुणी सावकाश बोलू लागलं की तिच्या पायाची बोटं चपलेत वळवळू लागायची. यात तिचा उर्मटपणा नव्हता. पेशंटांपर्यंत पोचायची तर तिला कोण ओढ होती! तिसऱ्या वर्षी क्लिनिक मिळणार म्हणून तिने नवा पांढरा कोट आणून आरशासमोर घालूनही बघितला होता.

क्लिनिक म्हणजे एक लहानशी खोली. टेबल, समोरासमोर खुर्च्या, चित्रांचे पत्ते आणि भिंतीवर छोटा कॅमेरा. तिथल्या मॅडमचा नियम एकच होता. "प्रश्न विचारलात की तोंड मिटायचं. शब्द आपण पुरवायचा नाही. तो पेशंटचा आहे, त्याला सापडू दे." प्रत्येक भेटीचं चित्रण व्हायचं. विद्यार्थ्याने ते घरी बघायचं, आपलं काय चुकलं ते मॅडमना लिहून द्यायचं. या तपासणीवर वर्षाचा निकाल अवलंबून असायचा.

भिंगरीच्या वाट्याला आले शिंपीकाका. जन्मभर मशीनवर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा ठोकलेला माणूस. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला आणि बोलणं अडलं. समोरचं सगळं समजायचं, पण शब्द ओठांशी येऊन थबकायचा. बायको हाताला धरून घेऊन यायची.

"बोलघेवडे होते हो फार," काकू म्हणाल्या. "मी म्हणायची, जरा गप्प बसा. आता म्हणते, काहीतरी बोला."

काका डाव्या बाजूने हसले. भिंगरीला ते लगेच आवडले. काकू औषधांच्या रांगेत उभ्या राहायला गेल्या आणि ही कामाला लागली. झोप लागते का? चालता येतं का? जेवण जातं का? काका एकेक शब्द ओढून काढत होते. आणि टेबलाखाली चपलेतली बोटं वळवळू लागली होती.

"पाणी पिताना काही त्रास होतो का, काका?"

"पा... पाणी..." काकांनी डावा हात गळ्याकडे नेला. "पाणी... ते..."

"नाही ना होत?"

काका थांबले. तिच्याकडे बघितलं. मग मान हलवली.

"छान!" भिंगरी म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

घरी तिने चित्रण बघितलं, अर्थातच दुप्पट वेगाने. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. किती सुरळीत चाललं होतं सगळं! तिने मॅडमना लिहून पाठवलं, 'रुग्णाशी संवाद सहज झाला.'

पुढच्या भेटीला काका आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. मग मॅडमनी तिला बोलावून घेतलं.

"तुझे पेशंट दवाखान्यात आहेत. पाणी श्वासनलिकेत जात होतं, छातीत संसर्ग झालाय. तू विचारलं होतंस ना त्यांना?"

"हो मॅडम. नाही म्हणाले ते."

"म्हणाले?"

मॅडमनी संगणक तिच्याकडे वळवला आणि चित्रण सुरू केलं. भिंगरीचा हात सवयीने माउसकडे गेला.

"हात मागे," मॅडम म्हणाल्या. "आहे त्या वेगाने बघ."

पडद्यावरची मुलगी भलतीच घाईत होती. कुठे आग लागली होती कोण जाणे! तिने पाण्याचं विचारलं. काकांचा हात गळ्याशी गेला. मुलगी म्हणाली, "नाही ना होत?" मान हलली, मुलगी पुढच्या प्रश्नाला लागली. आणि काकांचे ओठ अजून हलत होते. हात तसाच गळ्याशी होता. ते तिच्याकडे आशेने बघत होते, ती कागदाकडे. कितीतरी वेळाने त्यांनी हात खाली घेऊन मांडीवर ठेवला.

दुप्पट वेगात हे दिसलंच नव्हतं. त्या वेगात तो हात नुसता खाज आल्यासारखा वर जाऊन खाली आला होता.

"मॅडम, मी..."

"मला नको सांगू काही," मॅडमचा आवाज चढला नाही, उलट थकल्यासारखा झाला. "वर्गातल्या निम्म्या मुलांची चित्रणं अशीच आहेत. मी काय करू, तेच मला कळत नाहीये."

भिंगरी दवाखान्यात गेली. काका झोपले होते, नाकात नळी होती. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. तिने धडपडत काय झालं ते सांगितलं. काकूंनी मात्र तिला पुरतं बोलू दिलं.

"घरी ठसका लागायचा," मग त्या म्हणाल्या. "मी ह्यांना विचारलं, तिथे सांगितलंत ना त्या मुलीला? तर ह्यांनी मान हलवली. मी निर्धास्त झाले." त्यांनी दारातून आत काकांकडे बघितलं. "ह्यांना वाटलं असेल, आपण सांगितलं. सांगितलंच होतं की ह्यांनी. तुला घाई होती, पोरी."

शिवी दिली असती तर बरं, असं भिंगरीला झालं.

काका वाचले. अशक्त झाले, ठसका लागू नये म्हणून पाण्यात पावडर मिसळून ते घट्ट करून प्यायचं पथ्य लागलं, पण घरी आले. वर्षाचा निकाल काय लावायचा ते मॅडमनी अजून ठरवलं नव्हतं. काकांना दुसऱ्या मुलीकडे द्यायचं का, हे त्यांनी काकूंवर सोडलं. काकूंनी बराच विचार केला.

"हीच राहू दे," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. आल्यापासून हे बोलायला बघतच नाहीत. काही विचारा, नुसती मान हलवतात. भूक लागली? मान. नको? तरी मान. माणूसच मिटून गेलाय. तेवढं उघडून दे मला."

त्या दिवशी काका समोर येऊन बसले तेव्हा काकूही खोलीतच थांबल्या. काका वाळले होते. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती.

भिंगरीने घरून तयारी करून आणली होती. हो-नाहीत उत्तर देता येईल असा एकही प्रश्न विचारायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

"काका, पहिला सदरा कुणाचा शिवलात तुम्ही?"

काकांनी तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

ही मान उत्तराची नव्हतीच. ही होती मुलीची सोय. हिला घाई आहे, हिला मोकळं करू, एवढंच त्या मानेत होतं. आणि हे त्यांना तिनेच शिकवलं होतं, या खुर्चीवर बसून.

काकूंनी पदराने डोळे टिपले. "मी सांगू का? ह्यांच्या धाकट्या..."

"नको काकू," भिंगरी म्हणाली. "त्यांना सांगू दे."

काकांनी पुन्हा मान हलवली, आता जरा जोरात, झालं ना म्हटल्यासारखी.

"मला वेळ आहे, काका."

ते ऐकून काकांनी नजर खिडकीकडे वळवली. या मुलीवर विश्वास ठेवावा असं काही कारण त्यांच्याजवळ नव्हतं. दाराबाहेर पुढचा पेशंट येऊन बसला, त्याची खुर्ची वाजली. चपलेत बोटं वळवळली, तिने ती वळवळू दिली. बोलली नाही. काकू बोलल्या नाहीत. काकांचे ओठ एकदा किंचित विलग झाले, तिने श्वास रोखला, आणि ते पुन्हा मिटले.

मॅडम दारात आल्या, तिघांकडे बघितलं आणि दार लोटून घेऊन बाहेरच्या पेशंटला म्हणाल्या, "थोडं थांबावं लागेल हं तुम्हाला."