नुसतं बघायला आलेली मुलगी

सकाळी सव्वासहाला त्या दोन खोल्यांच्या घरात रोज एकच गोंधळ असायचा. मोरीत बादली भरत असायची, गॅसवर चहा उकळत असायचा आणि घड्याळजी नवरा डोळ्याला भिंग लावून जमिनीवर रांगत असायचा. मोहरीएवढा एखादा स्क्रू रोज त्याच्या हातून निसटायचा आणि रोज तो बायकोलाच विचारायचा, "अगं, इथे झाडलंस का?"

"झाडलं. आणि तुमचा स्क्रू विकून बंगला बांधायला घेतला," असं ती म्हणतेय तोच दारावर टकटक झाली.

तिने गॅस बारीक केला आणि दाराची साखळी तशीच ठेवून फटीतून पाहिलं. बाहेर एक चष्मेवाली मुलगी उभी. पाठीवर पिशवी, हातात बॅग, तीन जिने चढून धापा टाकणारी.

"कोण हवंय?"

"मावशी, मी हॉस्पिटलची उन्हाळी विद्यार्थिनी. आठ आठवडे तुमच्याकडे राहायचं ठरलंय ना?"

"माझ्याकडे? कुणी ठरवलं?"

मुलीने फटीतून एक कागद सरकवला. ज्या कर्मचाऱ्यांना विद्यार्थ्यांची सोय करता येईल त्यांच्यासाठीचा तो अर्ज होता आणि खाली वळणदार अक्षरात घरधन्याची सही होती. तिने मागे वळून पाहिलं. घरधनी रांगत रांगतच आतल्या खोलीकडे निघाला होता.

"उठा आता," ती म्हणाली, "स्क्रू तिकडे नाहीये."

ही बाई मुलांच्या हॉस्पिटलात वॉर्डची मावशी होती. बावीस वर्षं एकाच वॉर्डात चादरी बदलणं, लहानग्यांना शी-शू करवणं, भांडी धुणं आणि रडणाऱ्याला कडेवर घेऊन फिरवणं. सगळे तिला चौकशीमावशी म्हणत, कारण कुणी फुकट पेढा दिला तरी ती आधी विचारायची, "कशाबद्दल?" आणि उत्तर पटेपर्यंत तो हातातच धरून ठेवायची.

चहा पिता पिता मुलीने सगळं सांगितलं. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि पुढे लहान मुलांची डॉक्टर व्हायचं तिच्या मनात होतं. कुणा जुन्या बालरोगतज्ज्ञाने मागे ठेवलेल्या निधीतून यंदापासून चार विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात वॉर्डात राहून अनुभव घेता येणार होता. राहण्याचा खर्च निधीतून, शिवाय हातखर्चाला पैसे.

"आणि काम काय करायचं?"

"काम असं नाही. आम्हाला पेशंटला हात लावायची परवानगी नसते. नुसतं बघायचं आणि टिपून ठेवायचं."

"नुसतं बघायचे पैसे देतात?"

"हो."

"बावीस वर्षं मीही बघतेय. मला कुणी दिले नाहीत ते!"

नवरा खो खो हसला. मुलगीही हसली. चौकशीमावशी मात्र हसली नाही. तिने विचारलं, "वॉर्ड कुठला मिळालाय?"

"तुमचाच," मुलगी आनंदाने म्हणाली.

मावशीच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. राहायला माझ्या घरी, बघायला माझ्याच वॉर्डात आणि हातात वही. एवढं जुळून कसं येतं?

वॉर्डात पोचल्यावर दुसऱ्या मावशीने त्या पालीला खाऊपिऊ घातलं. हिला सगळे रेडिओ म्हणत. हॉस्पिटलच्या पाच मजल्यांवरची बातमी तिच्याकडे पाच मिनिटांत पोचायची.

"वरच्या वॉर्डात मागच्या महिन्यात असेच वह्यावाले आले होते ना?" रेडिओ चादरीच्या घड्या घालता घालता कुजबुजली. "कोण कुठे किती मिनिटं उभं राहतं ते लिहीत होते. पंधरा दिवसांत दोघी मावश्यांची बदली धुलाईत. दिवसभर यंत्रांची घरघर आणि ढीगभर मळक्या चादरी. एक मूल दिसत नाही डोळ्यांना. तुझ्याकडे तर घरीच आणून ठेवलीय गं बाई!"

धुलाई हा शब्द ऐकून मावशीच्या हातातली चादर घडी न होताच राहिली. तिला स्वतःचं मूल नव्हतं. या वॉर्डातल्या चोवीस खाटा हेच तिचं गोकुळ होतं. ते सुटलं तर नोकरीची उरलेली वर्षं कशी काढायची, हे तिला खरोखरच सुचेना.

आता तिची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या सवयीमुळेच घडलं. सकाळी सातला वॉर्डात आली की ती खाटांच्या रांगेतून जाताना प्रत्येक मुलाच्या पांघरुणात हात घालायची आणि हाताची पालथी बाजू त्याच्या पायाच्या तळव्याला लावायची. एवढंच. मग जाता जाता सिस्टरला सहज म्हटल्यासारखं म्हणायची, "नऊ नंबरकडे जरा बघा हं." सिस्टर बघायच्या आणि बहुतेक वेळा बघण्यासारखं काहीतरी असायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिने कुणाला सांगितलंही नव्हतं.

पहिल्या दिवशी मुलीने विचारलं, "मावशी, तळव्यांत काय बघता?"

"मोजे घालायचेत का ते," मावशीने उडवून लावलं.

मुलीने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. दुपारी ती वही टेबलावर उघडी पडली होती. मावशीला सावकाश का होईना, वाचता यायचं. 'मावशी, सात दहा, खाट चार. सात अकरा, खाट पाच.' रेडिओने सांगितलं तस्सं! मिनिटांचा हिशेब!

दारामागच्या भिंतीवर एक पिवळी पडलेली सूचना कित्येक वर्षं लटकत होती: नेमून दिलेल्या कामाशिवाय मावश्यांनी रुग्णास स्पर्श करू नये. ती आजवर कुणी वाचली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने ती दोनदा वाचली आणि मग बोट ठेवायला कुणाला जागा मिळू नये अशी वागायला लागली. चादर म्हणजे चादर, भांडं म्हणजे भांडं. तळव्यांना हात नाही.

घरीही तिने पहारा बसवला. मुलगी जेवताना काय विचारते, नवरा काय बरळतो, सगळ्यावर तिचे कान. नवरा एकदा म्हणाला, "अगं, पोर कॉलेजात शिकतेय, गुप्तहेर खात्यात नाही."

"तुम्ही गप्प बसा. न विचारता सही करणाऱ्यांनी तर बोलूच नये."

मुलगी बिचारी मुकाट्याने आपलं ताट धुऊन ठेवायची. त्यावरूनही मावशीला वाटायचं, एवढी गोड का वागतेय?

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी सहा नंबरच्या खाटेवर एक तीन वर्षांचा मुलगा होता, आदल्या संध्याकाळी जुलाबासाठी आलेला. त्याची आई रात्रभर जागून खुर्चीतच पेंगली होती. मावशी आल्याची चाहूल लागताच ती डोळे चोळत म्हणाली, "झोपला एकदाचा. आता कुरकुरतही नाहीये." फाइलवर सकाळी सहाच्या नोंदीत सगळं बरं होतं.

मावशीचा हात आपसूक पांघरुणाकडे गेला. तेवढ्यात समोर वही घेऊन उभी असलेली मुलगी दिसली आणि हात मागे आला.

"मावशी," मुलगी हळूच म्हणाली, "आज पण पाय नाही बघणार? तीन दिवस झाले, तुम्ही एकाचेही बघितले नाहीत."

"कसले पाय? माझं ते कामच नाही."

"पण पहिल्या दिवशी तुम्ही चोवीसही जणांचे बघितलेत. मी लिहून ठेवलंय."

घ्या! आता कबुलीच हवी आहे हिला. मावशीने बादली उचलली आणि तरातरा नळाकडे निघून गेली.

नळ सुरू केला, पण हात पाण्यात जाईना. कुरकुरतही नाहीये. आईचे ते शब्द तिच्या कानात घोळत होते. जुलाबाचं मूल कुरकुरायला हवं. मागे वळून पाहिलं तर मुलगी तिथेच खाटेपाशी उभी होती. दोन्ही हात पाठीमागे, परवानगी नव्हती म्हणून. बघत होती नुसती.

धुलाई तर धुलाई, असं मनाशी म्हणून मावशी परत आली आणि तिने पांघरुणात हात घातला. तळवे गार. घोट्यापाशी गार. गुडघ्यापर्यंत गार.

"सिस्टर!" अशी हाक त्या वॉर्डाने तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

मग धावपळ झाली. पडदा ओढला गेला, डॉक्टर आले, सुई आणि सलाइन आलं. मुलाच्या आईला मावशीने दंडाला धरून बाहेर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली. साडेनऊला पडद्याआडून खणखणीत भोकाड ऐकू आलं. डॉक्टर बाहेर येऊन आईला म्हणाले, "शरीरातलं पाणी फार गेलं होतं. आणखी तासभर असाच शांत पडून राहिला असता तर अवघड होतं." आई रडायला लागली. मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वहीत आता तिचा गुन्हा मिनिटासकट लिहिला गेला असणार.

दुपारी दोनला मेट्रनबाईंचं बोलावणं आलं. रेडिओने जाताना तिचा हात दाबला, कुणाला निरोप द्यावा तसा.

मेट्रनबाईंच्या टेबलावर तीच वही होती. मावशी दाराशीच उभी राहिली.

"बसा."

"उभीच बरी आहे."

"या मुलीचा आठवड्याचा अहवाल आलाय," मेट्रनबाई चष्मा लावत म्हणाल्या. "यात एकच प्रश्न असतो, काय शिकलात आणि कुणाकडून. बाकी तिघांनी डॉक्टरांची नावं दिलीत. हिने तुमचं." मग त्या वाचायला लागल्या. "'मावशी रोज सकाळी सगळ्या मुलांचे तळवे बघत असाव्यात. पहिल्या दिवशी त्यांनी तीन मुलांकडे सिस्टरना पाठवलं आणि तिघांचीही औषधं त्या दिवशी बदलली. मी वेळा टिपल्या, म्हणजे मलाही ते शिकता येईल. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते बंद केलं. मला वाटतं, त्या माझ्या वहीला घाबरल्या. मी त्यांना हे विचारायला हवं होतं. आज मी सहा नंबरच्या खाटेपाशी उभी होते आणि मला काहीच दिसलं नाही.'"

मावशीने एकेक वाक्य उलटंपालटं करून पाहिलं. गोम कुठे आहे ते सापडेना. त्यामुळे तिला जास्तच अस्वस्थ वाटलं.

"घाबरलात?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"धुलाईत पाठवताय का ते आधी सांगा."

"धुलाईत? त्या दोघींनी स्वतः मागून घेतलीय ती बदली. एकीचे गुडघे गेलेत, दुसरीला रात्रपाळी नको होती. कुणी सांगितलं तुम्हाला?"

मावशीने रेडिओचं नाव घेतलं नाही. मात्र मनात त्या रेडिओचं बटण कायमचं बंद केलं.

"तळवे बघायला कुणी शिकवलं?"

मावशीने खिडकीकडे तोंड वळवलं. खिडकीबाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक किरकिरत होतं.

"हसणार नसाल तर सांगते. इथे लागायच्या आधी मी कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात होते. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की एकेकाचे पाय आपल्या गळ्याला लावून बघायचे. पाय गार लागले तर ऊब कमी पडतेय. पिल्लू ओरडायच्या आधी पाय सांगतात. ओरडायचं थांबलं, तर मात्र पळायचं. कोंबड्यांची विद्या माणसांच्या पोरांवर चालवते, असं म्हणाल म्हणून बोलले नाही."

मेट्रनबाई हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली. "हे पहिल्या दिवशी नोकरीच्या अर्जात लिहायला हवं होतंत," त्या म्हणाल्या. "बरं, तुम्हाला काही हवंय का? सांगा."

काही हवंय का? बावीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने आधी मेट्रनबाईंच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं. तिथे मुलगी मांडीवर हात ठेवून, मान खाली घालून बसली होती, परीक्षेत नापास झाल्यासारखी. मावशी आत आली, खुर्ची ओढली आणि अखेर बसली.

"सातला मला कळतं कुणाचे पाय गार आहेत," ती म्हणाली. "आणि आठला डॉक्टरांचा राउंड आला की आम्हाला वॉर्डाबाहेर उभं करतात. उद्यापासून राउंडच्या वेळी मला आत थांबू द्या."