भरतीला उघडलेलं दार

कागदाच्या लगद्याच्या कारखान्याच्या मॅनेजरने पाणीवाल्यांना फसवलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे पाणीवाल्यांच्या गमती सांगायला लागलो की मूळ गोष्ट बाजूला पडते, आणि ती बाजूलाच पडावी म्हणून काही लोकांनी फार वर्षं काळजी घेतली आहे.

पाणीवाले म्हणजे कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाक्यांवरचा माणूस. हजेरीपटावर त्यांना नाव होतं, पण रत्नागिरीच्या उत्तरेला त्या खाडीकाठी ते कोणी घेत नसे. तुम्ही कधीही गेलात तरी ते शेवटच्या टाकीच्या काठावर उकिडवे बसलेले दिसले असते. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला पंचा, उजव्या हाताच्या खळग्यात थोडं पाणी, आणि नजर त्या पाण्यात.

“शेट, रेषा दिसतात काय बघा,” असं म्हणून ते तळवा माझ्यापुढे धरत.

तळहाताच्या रेषा पाण्यातून स्पष्ट दिसल्या तर पाणी खाडीत सोडायचं. नाहीतर आणखी एक दिवस टाकीत. प्रयोगशाळेतला केमिस्ट आधी यावर हसायचा. वर्षभराने तोच काचेच्या नळ्या बाहेर काढण्याआधी शिपायाला पाठवू लागला, “जा, पाणीवाल्यांना रेषा दिसल्या का विचारून ये.”

मी त्या कारखान्याला बांबू आणि सुरूचं लाकूड पुरवत असे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कोयता घेऊन दुसऱ्याच्या कामावर सुरुवात केली होती, तोवर स्वतःचे दोन ट्रक झाले होते. आवाज माझा पहिल्यापासून मोठा. बांबू ओला की सुका यावरून वजनकाटेवाल्याशी माझी जुंपली की टाकीवरून हाक यायची, “शेट, हळू! मासे बिचकतात!” सगळे हसत, आणि माझं भांडण निम्म्यावर येई. त्याचाही मला राग यायचा.

मासे बिचकतात हा विनोद होता, कारण तेव्हा खाडीत मासे उरलेच नव्हते. कारखाना सुरू झाला तेव्हा बांबू शिजवून उरलेलं काळं, सोड्याचं पाणी सरळ खाडीत जाई. खाडी काढ्यासारखी दिसायची. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायकांच्या पायांना खाज सुटायची. मग वरून दट्ट्या आला आणि एक टाकी बांधली गेली. पाणीवाल्यांनी दुसरी मागितली. तिसरी मागितली तेव्हा मॅनेजर म्हणाला, “तुम्हाला काय, तळ्यांचा छंद लागलाय का?”

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या टेबलावर खाडीच्या पाण्याची एक बाटली होती. त्याने ती फेकून दिली. तिसऱ्या दिवशी दुसरी आली. असे पंधरा दिवस गेले. शेवटी मॅनेजरने त्यांना बोलावून विचारलं, “ही तुमची बाटली रोज इथे कोण ठेवतं?”

“बाटली मी ठेवतो, साहेब. पाणी तुमचं आहे.”

तिसरी टाकी झाली. पाण्यात हवा घुसळणारे पंखे आले.

त्यांची दुसरी सवय म्हणजे सकाळी भेटेल त्याला विचारायचं, “आज तिथी काय?” स्वतःला पक्की ठाऊक असूनही विचारायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे आपल्याकडे खाडीकाठचं पोरही सांगेल. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. टाकीचं दार पाणीवाले भरती उलटल्यावरच उघडत, म्हणजे पाणी ओहोटीबरोबर समुद्राला जाई. भरती चालू असताना उघडलं तर तेच पाणी उलटं वर चढून बायकांच्या तिसऱ्यांवर बसणार. मॅनेजर देशावरचा. त्याला पहिल्यांदा तिथी विचारली तेव्हा तो म्हणाला, “सत्तावीस.”

“ती तारीख झाली, साहेब. खाडी तारीख पाळत नाय.”

बायका त्यांना सोडत नसत. त्यांतली एक म्हातारी कमरेवर टोपली घेऊन टाकीखाली उभी राहायची आणि ओरडायची, “काय ओ पाणीवाले, आज आमच्या तिसऱ्यांना चहा पाजलात की कॉफी?”

“आज नुसतं पाणी, मावशे! साखर तू घाल!”

मग एका संध्याकाळी त्यांनी मला ट्रकमधून खाली उतरवलं आणि हाताला धरून दारापाशी नेलं. कारखान्याचं पाणी जिथे खाडीला मिळतं तिथे बोईट मासे उड्या मारत होते. एक, मग दोन, मग मोजता येईनात.  पाणीवाले पंच्याने तोंड पुसत राहिले. महिनाभर तिथे त्यांनी कोणाला जाळं टाकू दिलं नाही. मॅनेजरने मात्र आठवड्याच्या आत फाटकावर पाटी लावली, की आमचा कारखाना खाडीचा मित्र आहे.

आता त्या दिवसाचं सांगतो. सप्तमी होती. आदल्या दिवशी पंचमी. मधल्या षष्ठीचा पंचांगात क्षय होता. पंखे दोन दिवस बंद होते, कारण मॅनेजरला वीज वाचवायची होती, आणि तिसरी टाकी काळ्या पाण्याने काठोकाठ भरली होती. तपासणीचे सरकारी अधिकारी दुसऱ्या दिवशी यायचे होते. बाराच्या सुमारास निरोप आला की ते आजच चार वाजता पोचताहेत. मी ट्रक खाली होण्याची वाट बघत टाकीशेजारी उभा होतो. मॅनेजर जवळजवळ धावतच आला.

“दार उघडा.”

“साहेब, भरती लागलीय. सगळं वर जाईल.”

“चारच्या आत टाकी रिकामी पाहिजे.”

“वर बायका उतरल्यात, साहेब. तिसऱ्या मरतील, मासे मरतील.”

“मी सांगतोय ना? जबाबदारी माझी. उघडा.”

पाणीवाल्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. साहेब माणूस जबाबदारी माझी म्हणतो, म्हणजे ती त्याची, इतकी साधी त्यांची समजूत. त्यांच्या जागी मी असतो तर म्हणालो असतो, लिहून द्या. त्यांनी चाक फिरवलं. पाणी बाहेर पडताच ते खाडीच्या काठाने वर धावत सुटले, पंचा हलवत, “बाहेर या! बाहेर या गं!” बायका बाहेर आल्या. टोपल्या तशाच चिखलात राहिल्या.

चार वाजता अधिकारी आले. रिकामी, धुतलेली टाकी बघून खूश झाले, चहा प्याले आणि गेले. सकाळी खाडीच्या वरच्या अंगाला मेलेल्या बोईटांचा पांढरा पट्टा लागला होता.

गावकरी फाटकावर आले तेव्हा कारखान्याने चौकशी बसवली. मॅनेजरने आधी गावभर आणि मग तिथेही शांतपणे सांगितलं, की पाणीवाले पंचांगावर चालतात, षष्ठीचा क्षय त्यांच्या ध्यानात राहिला नाही, षष्ठीच्या हिशेबाने भरती उलटली असं समजून त्यांनी साडेचारलाच दार उघडलं, सप्तमीची भरती तर सव्वापाचपर्यंत होती. म्हातारा झाला माणूस, चूक व्हायचीच. लोकांना ते लगेच पटलं. क्षयाच्या तिथीला भलेभले चुकतात. चार वाजता अधिकाऱ्यांनी जी टाकी रिकामी पाहिली, तिच्यातून साडेचारला काय सोडलं, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. बायकाही म्हणाल्या, “धावत आला होता ना? म्हणजे चूक त्याला तेव्हाच कळली होती.”

चौकशीच्या आदल्या दिवशी पाणीवाले माझ्या घरी आले. पायरीवरच उभे राहिले. “शेट, नोकरी गेली तर गेली. पण माझी तिथी चुकली म्हणू नका म्हणावं साहेबांना. तुम्ही होतात ना तिथं?”

होतो. शब्दन् शब्द ऐकला होता. पण माझा पुढल्या वर्षाचा करार मॅनेजरच्या टेबलावर सहीसाठी पडला होता, आणि सौद्यात कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं हे मला नको तितकं कळतं. चौकशीत मी म्हणालो, “मी ट्रकच्या पलीकडे होतो. नीट ऐकू आलं नाही.”

पाणीवाल्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

त्यांना कामावरून काढलं, त्या दिवशी ते फाटकाबाहेर भेटले. मी आधीच तापलो होतो. म्हटलं, “शिव्या घाला ना! घाला!”

“कशाला, शेट? तुमच्या हाताखाली पंचवीस माणसं आहेत. मला काय कळत नाय?” एवढं बोलून ते एसटीच्या थांब्याकडे गेले.

हेदवीच्या बाजूला त्यांचं गाव. एकदाच गेलो होतो. घर समुद्रापासून दहा मिनिटांवर, पण त्यांची बायको म्हणाली, “इकडे आल्यापास्नं खाली उतरले नाहीत. भरती-ओहोटीचं कोणी विचारलं तर उठून आत जातात.” त्यांनी मला पन्हं दिलं. खाडीचं विचारलं नाही, कारखान्याचं विचारलं नाही. निघताना मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, “गाडी चुकेल तुमची.” पुढच्या वर्षी ते गेल्याचं कळलं.

सहा महिन्यांत मॅनेजरने माझाही करार मोडला. त्या रागाने मी हे लिहितो, असं कोणी म्हणेल. म्हणू दे, राग आहेच. पण त्या खाडीवर आजही कोणाचं काम फसलं की लोक म्हणतात, “पाणीवाल्याची तिथी झाली.” परवा बाजारात एक तरुण पोरगी हसत हसत हे म्हणाली. पाणीवाले कोण, हे तिला ठाऊकही नव्हतं. मी तिच्यावर ओरडणार होतो. मग दमलो, आणि मासळी न घेताच घरी आलो.

मॅनेजरसाहेब, तुम्ही निवृत्त झालात. स्वच्छ नद्यांवर भाषणं करता असं ऐकतो. एक भाषण आमच्या खाडीवर करा. बायका ओहोटीला उतरतात, त्या वेळी या. दार कोणाच्या हुकमाने उघडलं ते त्यांच्यासमोर मोठ्याने सांगा, आणि मेलेल्या माणसावर टाकलेली चूक उचलून आपल्या डोक्यावर घ्या. ट्रकच्या पलीकडे मी नव्हतो, हे मलाही तिथेच सांगायचं आहे. हवं तर मी आधी बोलतो. पण तुम्हाला यावं लागेल.